लाव्ह्यांची वास्तुशांत

दाजी,

तुमचे लाव्हे पक्षी गेल्या आठवड्यात नव्या घरात गेले. वास्तुशांत झाली नाही. मी होऊ दिली नाही. ताईनं नारळ आणून ठेवला होता. तो मी उचलला, स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि म्हणालो, "चटणी कर याची." ती माझ्याकडे बघतच राहिली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पावणं तापलेत, पाणी मारा कुणीतरी." तापलोच आहे. तुम्ही गेलात त्या सकाळपासून तापलेला आहे, आणि ज्याच्यावर तापायचं तो माणूस हार घातलेल्या फोटोत बसून हसतो आहे.

लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि ताईला सांगतात, "सोन्यासारखा माणूस. कुणाला तरास न देता गेला." मी कोपऱ्यात बसून दातावर दात दाबतो. कुणाला त्रास न देता? छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, अँजिओग्राफी याच आठवड्यात करून घ्या. मी शेजारच्या खुर्चीत होतो. तुम्ही शहाण्या मुलासारखी मान डोलावलीत. मग जिना उतरता उतरता माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालात, "आदी लाव्ह्यांचं घर पुरं करू. त्येची वास्तुशांत झाली की मी मोकळा. मग कुटं न्यायचं तितं न्या."

आणि मी हसलो. माझा पहिला राग तुमच्यावर आहे, आणि त्याच्या खालोखाल त्या हसण्यावर. माझं सगळं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलं. लोकांचं रक्त काढतो, रिपोर्ट बघून चेहरा कोरा ठेवतो. तुमचे रिपोर्टही मीच पाहिले होते. तरी त्या जिन्यात मला तुमचं बोलणं गमतीचं वाटलं. पिंजऱ्याची वास्तुशांत! कुंभारीला तुमच्या घरी आल्या आल्या ताईला मी तो विनोद म्हणून सांगितला. "लाव्ह्यांना आहेर काय करायचा?" असं तिनं विचारलं. आपण तिघांनी हसत हसत तुमचा दवाखाना पाखरांच्या घराला बांधून टाकला.

पुढे जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या घरात मी एकेक हरकत काढत गेलो, घर लांबत गेलं आणि घराबरोबर दवाखाना लांबत गेला. शेवटच्या हरकतीवर आपलं भांडण झालं आणि तुम्ही ते अर्धवट टाकून निघून गेलात. मेलेल्या माणसाशी भांडण कसं मिटवतात हे मला कुणी सांगत नाही. लोकांना वाटतं, माणूस गेला की भांडणही जातं. जात नाही. ते माझ्याबरोबर गाडीवर बसून रोज लॅबला येतं.

तुम्हाला लाव्हेच का हवे होते, यावरूनही मी चिडलो होतो. ताईला कोंबड्या पाळायच्या होत्या, पण कोंबड्या तिची कोथिंबीर उकरतात. मग तुम्ही एक दिवस भोकं पाडलेल्या खोक्यातून हॅचरीतली पिल्लं घेऊन आलात. मी विचारलं, "हे काय?" तुम्ही म्हणालात, "लाव्हं. जपानी हायत म्हनं. पन आवाज केमचाच काढत्यात की."

केम. तुमचं गाव. तुम्ही मला तिथं एकदाच नेलंत. ज्वारी काढून झाली होती, धाटं कापलेल्या रानात नुसते सड उभे होते आणि एका कडेला थोडं पीक अजून राहिलं होतं. तुम्ही पुढे, मी मागे. वडील फासे लावून लाव्हे कसे धरायचे ते तुम्ही सांगत होता. तेवढ्यात माझ्या पायाखालून काहीतरी फुर्रकन उडालं. इतकासा पक्षी, पण बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. मी ओरडलो आणि सरीत उताणा पडलो. एक चप्पल हवेत गेली. तुम्ही बांधावर बसलात आणि पोट धरून हसायला लागलात.

"अहो दाजी, हात द्या की!"

"थांबा पावणं, आदी हसून घेऊ द्या."

तुम्ही हात दिलाच नाहीत. मी आपला आपण उठलो. परत येताना केमच्या स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांना तुम्ही माझं पडणं करून दाखवलंत. घरी आल्यावर ताईला दाखवलंत. प्रत्येक दिवाळीला दाखवलंत. माझी चप्पल दरवर्षी थोडी जास्त उंच उडायची.

तर त्या लाव्ह्यांना घर बांधायचं ठरलं आणि तुम्हाला पालवी फुटली. हे मी रागात असलो तरी लिहितो. सोलापुरातल्या कितीतरी दुकानांच्या कपाळावर एके काळी तुमचं अक्षर होतं. कापडदुकान असो, हॉटेल असो, पाटी तुमची. मग फ्लेक्स आले, एकेक पाटी उतरली आणि तुमचे ब्रश डब्यात वाळत पडले. त्यावर तुम्ही कधी रडलात नाही. फक्त रस्त्यानं जाताना मान वर करायचं सोडलंत. मागच्या परसात विटांचा चौथरा घातला त्या दिवशी मी तुम्हाला बऱ्याच वर्षांनी शीळ घालताना ऐकलं.

तुम्हाला पिंजरा नको होता, बंगला हवा होता. पुढे कमान, कमानीला वेलबुट्टी, दोन बाजूंना खांब, वर फुटक्या मंगलोरी कौलांचे तुकडे घासून बसवलेलं छप्पर, हिरव्या चौकटी, तांबडी पट्टी. कॉलनीतली माणसं कुंपणावरून डोकावून जायची. आणि मी रविवारी आलो की तुम्ही ताईला हाक मारायचात, "आगं, चहा टाक. जंतूमास्तर आलेत तपासनीला."

मी तपासणीच केली. तुम्ही आत फुटक्या फरश्यांचे रंगीत तुकडे बसवून जमीन केली होती. सुंदर होती. मी सांध्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, यात शिट अडकणार, ओली राहणार, वास मारणार, पाखरं आजारी पडणार. खाली जाळी पाहिजे, म्हणजे शिट अंगाखाली राहत नाही. पुढच्या रविवारी आलो तर जमीन छिन्नीनं फोडून काढलेली होती आणि तुकडे एका घमेल्यात भरून ठेवले होते. मग मी छत बघितलं. उंच होतं, बंगल्याला शोभेलसं. मी म्हणालो, लाव्हा घाबरला की सरळ वर उडी मारतो, उंच छतात वेग घेऊन डोकं फोडून घेतो. छत खाली घ्या, आतून मऊ जाळं लावा. तुम्ही कौलं उतरवलीत, सगळं खाली घेतलंत, पुन्हा कौलं चढवलीत. छातीत कळ येऊन गेलेला माणूस छप्पर उतरवतो आहे आणि मी खाली खुर्चीत बसून चहा पितो आहे. हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. बरोबर होतो मी, दाजी. दोन्ही वेळा बरोबर होतो. त्याचं काय करू आता?

आणि मग ट्रे.

मी म्हणालो, जाळीच्या खाली पत्र्याचा ट्रे हवा, ड्रॉवरसारखा ओढून काढता येईल असा. रोज काढायचा, खरवडायचा, धुवायचा, परत सारायचा. नाहीतर वाकून, डोकं आत घालून साफ करावं लागेल आणि ते ताईला जमणार नाही. तुम्ही ब्रश खाली ठेवलात.

"कमानीच्या खाली शिटाचा ड्रॉवर? बंगल्याच्या तोंडातनं जीभ काडल्यागत दिसंल की वो."

"दिसू दे. साफ राहणं महत्त्वाचं."

"तुमी सगळ्याला दवाखाना करून ठेवताय बगा. पावणं, आयका. घर देखनं असलं की मानूस त्याच्याजवळ जातंय. जवळ गेलं की आपसूक झाडतंय, पुसतंय. तुमच्या लॅबसारखं केलं की दारातनंच नाक दाबून पळतंय."

"साफ असलं की तेच देखणं असतं."

"तसं असतं तर लोकांनी नुसता चुना मारला असता. पाटी कशाला रंगवली असती?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "तुम्हाला पाखरांशी काही देणंघेणं नाही. तुम्हाला रंगवायला एक पाटी पाहिजे, बाहेर कुणी देत नाही म्हणून."

तुम्ही ब्रश फडक्याला पुसलात. सावकाश, दोन्ही बाजूंनी. "व्हय," म्हणालात. "तसं आसंल." मी गाडीला किक मारली आणि जुळे सोलापूरला येईपर्यंत मनात तुमच्याशी भांडत राहिलो. त्यानंतर मी फोन केला नाही. तुम्हीही केला नाहीत. मला वाटलं, रविवारी जाईन, ताई चहा टाकेल, तुम्ही जंतूमास्तर म्हणाल आणि झालं. आपली भांडणं अशीच मिटायची.

रविवार आलाच नाही. त्याच्या आधी सकाळी ताईचा फोन आला. "बाळू, हे नळापाशी बसल्यात, उठंनात की रं."

मी आलो तेव्हा नळ चालू होता. तुमच्या हातात ब्रश होता आणि नखांत पिवळा रंग होता. घर तर सगळं हिरवं आणि तांबडं. पिवळा कुठून आला, असं क्षणभर मनात आलं. मग मी नळ बंद केला, आणि पुढे काय काय झालं त्यात ते राहून गेलं.

दहाव्याला नदीवर सगळे होते. पिंड ठेवले. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. रूपाली पुण्याहून आली होती. ती रडत रडत म्हणाली, "पप्पा, आईची काळजी करू नका, मी बघते." कावळा येईना. तुमचे थोरले भाऊ पुढे झाले, घसा खाकरून म्हणाले, "बांद मी कोरनार न्हाय. जितं हाय तितंच ऱ्हाईल." इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून ते निघालं. तुम्ही हवे होतात ऐकायला. तरी कावळा येईना. मग सगळे माझ्याकडे वळले.

"पावणं, तुमचं बोला. तुमचं लई गूळपीठ व्हतं."

मी विज्ञान शिकलेला माणूस. पण हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "दाजी, ट्रे लावत नाही. बंगला तुमच्या मनासारखा करतो." माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कसला ट्रे, कसला बंगला. एक कावळा खाली आला. पिंडाजवळ उड्या मारत गेला, मान तिरकी करून बघितलं, आणि उडून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत हरलो म्हणून सांगितलं तरी तुम्हाला ते चालेना? अजून काय करायला हवं होतं? घाटाच्या पायऱ्या चढताना मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोललो ते इथं लिहीत नाही. तुम्हाला पोचलं असेल तर पोचलं असेल.

त्यानंतर मी परसाकडे फिरकलो नाही. लाव्हे खोक्यातच होते. ताई खोकं बदलत होती, पण त्यांची गर्दी व्हायला लागली होती, वास यायला लागला होता. एक मादी मेली. त्या दिवशी ताईनं मला बोलावून घेतलं. ती रडली नाही. ती तुम्ही गेल्यापासून नीट रडलेलीच नाही.

"बाळू, एक तर ते घर पुरं कर, न्हायतर पाखरं कुणालातरी देऊन टाक. माझ्या डोळ्यापुढं खोक्यात मरायला नकोत. एक मरण बघितलंय, बास झालं."

"देऊन टाकूया," मी म्हणालो.

"मग त्येंनी छाती फोडून केलं ते कुणासाटी?"

मी अवजारांची पिशवी घेऊन परसात गेलो. तुमच्या मनासारखं करायचं ठरवलं होतं, म्हणजे ट्रे नाही. चौथऱ्यावर खाली सिमेंटचा उतार द्यावा आणि पाईपनं पाणी मारावं, असं डोक्यात होतं. माप घ्यायला म्हणून मी घराच्या मागच्या अंगाला गेलो. आणि मागच्या भिंतीला जाळीच्या खाली एक लांब फट दिसली. नीट कापलेली, कडांना पट्टी मारलेली, आत दोन बाजूंना सरकायला लोखंडी पट्ट्या. शेजारी भिंतीला टेकून एक चपटी वस्तू उभी होती, फ्लेक्सच्या तुकड्यात गुंडाळलेली. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता, त्यावर अर्धाच चेहरा.

आत ट्रे होता, दाजी.

मागून निघणारा. पुढची कमान, वेलबुट्टी, सगळं जसंच्या तसं राहून मागून निघणारा. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी पुढूनच, पुढूनच करत बसलो होतो. कोपरे तुम्ही ठोकून गोल केले होते, म्हणजे शिट अडकू नये. ओढायला कडी लावली होती, ताईच्या हाताला बसेल अशी मोठी. आणि आतून, जिथं रोज शिट पडणार तिथं, चकचकीत ऑइलपेंटमध्ये चित्र काढलं होतं. ज्वारीचं रान. पुढे सड, मागे उभं पीक, पिवळं. कणसं एकेक सुटी काढलेली. मधून एक लाव्हा उडालेला. आणि सरीत एक माणूस उताणा पडलेला, चष्मा तिरका, तोंड उघडं, एक चप्पल पार आभाळात.

मी तिथंच चौथऱ्यावर बसलो. ताई बाहेर आली.

"हे कधी केलं यांनी?"

"तू भांडून गेलास की, त्येच्या दुसऱ्या दिवशीपासनं. मला म्हणले, पावण्याला बोलू नको. वास्तुशांतीला पडदा सारून दाखवायचंय." "मी म्हणलं, शिटात कशाला चित्र काढताय? तर म्हणले, खरवडल्याबिगर दिसणार न्हाय, म्हणून रोज खरवडतील."

म्हणजे नदीवर मी जे कबूल केलं ते तुम्हाला नकोच होतं. तुम्ही ट्रे कधीच मान्य करून बसला होता. मी हरलो म्हणून सांगत होतो आणि तुम्ही आधीच मला जिंकवून ठेवलं होतं, तेही स्वतः न हरता.

यावर माणसाचा राग जावा, असं कुणालाही वाटेल. माझा वाढला. कारण तो आठवडा, दाजी. तो सबंध आठवडा. मी रुसून बसलो होतो, घरात कसलंच नवं काम मी काढलं नव्हतं. ट्रे नको असं एकदा म्हणून टाकलं असतंत तर घर पुरं झालेलं होतं. नारळ फोडायचा आणि दवाखान्यात जायचं, एवढंच राहिलं होतं. त्याऐवजी तुम्ही माझं एक वाक्य मनात घेऊन बसलात आणि कणसं रंगवलीत. एकेक दाणा. कुणी सांगितलं होतं? मला उत्तर द्यायचं होतं तर फोन करायचा, शिव्या घालायच्या. "पावणं, तुमाला अक्कल न्हाय," एवढं म्हणायचं. मी आलो असतो. तुम्हाला गाडीवर मागे बसवून नेलं असतं. असलं देखणं उत्तर मला नको होतं.

आता ऐका पुढचं. ट्रे आत सारला आणि पाखरं त्या घरात सोडली. मी रोज लॅबला जायच्या आधी कुंभारीला येतो. रोज, दाजी, जुळे सोलापूरहून, शहर ओलांडून. लाव्हे कमानीपाशी येऊन उभे राहतात, पिसं फुलवतात, तुमच्या केमच्या आवाजात ओरडतात. मी मागे जातो, ट्रे ओढतो. रातभराच्या शिटाखाली सगळं रान झाकलेलं असतं. पहिले तीन दिवस मी तुमची पुट्टी ओढायची पत्री घेऊन खरवडत होतो. आधी कणसं दिसतात, मग लाव्हा, मग माझी चप्पल, मग मी. ताई परवा शेजारी उभी होती. माझे वर झालेले पाय उघडे पडले तशी ती फस्सकन हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. मग ती बराच वेळ रडली. मी पाणी ओतत राहिलो. म्हणजे देखण्या घराजवळ माणूस जातो, जवळ गेला की साफ करतो, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं. घ्या. लिहून देतो.

पण एक तुमच्या लक्षात आलं नाही, इतके मोठे पेंटर असून. पत्रीनं रंग झिजतो. तिसऱ्या दिवशी उजव्या कडेच्या एका कणसाचं टोक गेलं. साफ केलं तर तुमचं चित्र थोडं थोडं जाणार, नाही केलं तर ते दिसणारच नाही. माझ्या हातानं ते घालवायचं काम तुम्ही मलाच लावून गेलात. मी पत्री टाकून दिली आहे. आता ओल्या फडक्यानं पुसतो, वेळ लागतो, लॅबला उशीर होतो, बोलणी खातो. तुमच्यामुळे.

आणि बांध तुम्ही काढला आहे. तो बांध, ज्यावर तुम्ही बसला होतात. त्यावर गवत काढलं आहे, एक दगड काढला आहे. तुम्ही नाही. मी सगळं चित्र पुसून, वाळवून, उन्हात धरून शोधलं. हसणारा माणूस कुठंच नाही.

ताई अजून विचारते, "बाळू, एवढं घर झालंय, नारळ तरी फोडू या की." मी नाही म्हणतो. तिला कारण सांगत नाही, तुम्हाला सांगतो. वास्तुशांत झाली की मी मोकळा, असं तुम्ही जिन्यात म्हणाला होतात. मी करणार नाही ती. पाखरं नांदतील, अंडी देतील, ट्रे रोज धुतला जाईल. पण नारळ आला की मी चटणीला देणार. मी सरीत उताणा पडलेलो आहे, दाजी. तुमचं हसून झालं की हात द्यायचा आहे. तोवर मी तुम्हाला मोकळं करत नाही.